विळी थांबली पाहिजे

आमच्या सरांना कुणी विचारलं असतं, की सूर्य कुठून उगवतो, तर ते म्हणाले असते, "मी उठतो तेव्हा तो आलेला असतो. कुठून आला ते मी पाहिलेलं नाही."

असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण विचारलं असतं तर हेच उत्तर आलं असतं, यावर मी माझी मोटरसायकल लावायला तयार आहे. पुढे जे सांगतो आहे त्यात थोडा मीठमसाला आहे. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याकडे मीठमसाल्याशिवाय माणूस साधा पत्तासुद्धा सांगत नाही. पण जिथे तुम्हाला वाटेल की आता हा फेकतोय, तिथे नेमकं तसंच घडलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवा.

सर आम्हाला कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला धान्य-भाजीपाल्याची साठवणूक शिकवायचे. मुलांची नावं त्यांना कधी पाठ झाली नाहीत, किंवा त्यांनी ती केली नाहीत. ते गावावरून हाक मारत. मी देवळा. माझ्या बाकावर शेजारी सुरगाणा. मागे एक थोरला सटाणा आणि एक धाकटा सटाणा. सर हजेरी घ्यायला लागले की वर्गात बसल्यासारखं वाटायचंच नाही, एसटी स्टँडवर उभं असल्यासारखं वाटायचं. "पेठ आली का? कळवण? कळवण आजपण नाही?" एकदा नवे प्राचार्य दारावरून चालले होते, ते आत डोकावून पुढची गाडी किती वाजता आहे ते विचारून गेले.

सरांचा नेम एकच. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याची ग्वाही द्यायची नाही. मग ती कुणासाठी का असेना.

निवृत्तीनंतर ते नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका लहान रो-हाऊसमध्ये राहायचे. वरची खोली भाड्याने दिलेली. भाडेकरूच्या चौकशीला पोलीस आला.

"कसा आहे माणूस?"

"जिना चढताना खोकतो."

"तसं नाही हो सर, वागायला कसा आहे?"

"वागताना पाहिलेला नाही. चढताना पाहिलाय."

पोलिसाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि भाडेकरूने घाबरून सिगारेट सोडली.

कॉलनीत एक गृहस्थ वारले तेव्हा शोकसभा झाली. एकामागून एक माणसं उठली. कुणी गेलेल्याला सागराची उपमा दिली, कुणी हिमालयाची, एकाने तर दोन्ही दिल्या. मग सर उठले. म्हणाले, "एकदा सकाळी फिरताना त्यांनी मला अर्धा पेरू दिला होता. मोठा अर्धा दिला. बाकी मला माहीत नाही." आणि बसले. सभेत चुळबुळ झाली, सेक्रेटरींनी घसा साफ केला. पण त्या गृहस्थांच्या बायकोला पुढे सगळ्या भाषणांतला पेरू तेवढा आठवायचा. "यांना नीट कापताच यायचं नाही," असं ती सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, सांगायची. "एक बाजू मोठीच व्हायची."

सरांकडे एक स्कूटर होती. ती ते इतकी सावकाश चालवत, की सकाळी फिरायला निघालेले पेन्शनर त्यांना मागे टाकून जात, आणि सभ्य असतील तर थांबून वाट पाहत. कुणाला सरांशी बोलायचं असलं तर तो स्कूटरच्या बाजूने चालत चालत बोलायचा. एका ट्रॅफिक हवालदाराने त्यांना गाडी ढकलताय का म्हणून विचारलं होतं आणि हात लावायला पुढे आला होता.

तर अशा माणसाकडून मला शिफारसपत्र पाहिजे होतं.

झालं होतं असं. डिग्री झाल्यावर मी परदेशात पुढचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, आणि हॉलंडपासून कॅनडापर्यंत जी जी विद्यापीठं कांद्याबटाट्याला ओळख देतात तिथे तिथे अर्ज ठोकले. अर्जाबरोबर तीन शिफारसपत्रं लागतात. आपल्याकडे त्याची एक सुटसुटीत पद्धत आहे. आपण गुरुजनांकडे जायचं. गुरुजन म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग आपणच आपल्याबद्दल लिहायचं. लाजायचं कारण नसतं, कारण लिहिणारे आपण नसतो. मी तिन्ही पत्रं एका बैठकीत उरकली. एक विभागप्रमुखांचं, एक प्रोजेक्ट गाईडचं आणि एक सातपूरच्या वर्कशॉपच्या मालकांचं, जिथे मी ट्रेनिंग केलं होतं आणि मग तिथेच कामाला लागलो होतो. तिघं वेगवेगळी माणसं वाटावीत म्हणून फार काळजी घेतली. तिघांना तीन फॉन्ट दिले. विभागप्रमुख जुन्या वळणाचे, त्यांना जाड. गाईड नवे, त्यांना गोलसर. मालक कायम घाईत, त्यांना तिरका.

मजकुरात मात्र तिघंही मला "माझ्या संपूर्ण कारकिर्दीतला सर्वोत्तम विद्यार्थी" म्हणत होते. मालकांच्या संपूर्ण कारकिर्दीत विद्यार्थी असा मी एकटाच, त्यामुळे त्यांचं म्हणणं निदान खरं होतं.

नकार आले. सगळीकडून आले. इतक्या नम्र भाषेत आले, की पहिला वाचून मी पेढे आणायला निघालो होतो. मित्राने जिन्यात अडवून शेवटचा परिच्छेद वाचायला लावला.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर सांगितलं. पलीकडे आप्पांनी आधी ट्रॅक्टर बंद केला. आप्पांनी पोरगं परदेशी चाललं म्हणून बाजार समितीत आधीच चहा पाजून ठेवला होता.

"एक वरीस," आप्पा म्हणाले. "आनखी एक डाव काय करायचं ते कर. नाय झालं तर सरळ घरी यायचं. चाळ हाय, ट्रॅक्टर हाय. सातपूरला दुसऱ्याच्या मशीनी पुसत बसायचं नाय."

आप्पांचं एक वर्ष म्हणजे एक वर्ष. त्यात अधिक महिना धरत नाहीत.

कॉलेज रोडला एक सल्ला केंद्र होतं, दारात मोठा पृथ्वीचा गोळा ठेवलेलं. तिथल्या मॅडमनी माझा अर्ज वरवर चाळला. "प्रोफाइल वीक आहे," त्या म्हणाल्या. "एखादी एनजीओ टाका. रक्तदान टाका. झाडं लावली असतील तर झाडं टाका."

"नसतील लावली तर?"

"तरी टाका ना, कोण मोजायला येतंय?"

बिघडलेली भाजी सावरायला त्यात काय काय टाकायचं ते कुणी सांगावं, तसं मला वाटायला लागलं. शेवटी त्या म्हणाल्या, निवृत्त प्राध्यापकाचं पत्र असलं तर वजन पडतं. मला सर आठवले. त्यांच्यासाठी मी चौथा फॉन्ट निवडला, बारीक आणि काटक, आणि गंगापूर रोडला गेलो.

सर घरात बसत नसत. खुर्च्यांवर पुस्तकं बसायची. सर हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत असायचे, जेवतानासुद्धा. फरशीवर त्यांच्या येण्याजाण्याची पायवाट पडली होती. तिच्या कडेने गवत तेवढं उगवलेलं नव्हतं. मधे खाली पाटावर काकू विळी घेऊन भाजी चिरत बसलेल्या. काकू हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या.

"सर, शिफारसपत्र पाहिजे होतं. लिहून आणलंय. फक्त सही."

"वाच."

मी वाचलं. सर चालत होते.

"सर्वोत्तम विद्यार्थी. हे कुणी पाहिलं?"

"तशी लिहायची पद्धत आहे, सर."

"देवळा, मी तुला काय करताना पाहिलंय?"

मी आठवून म्हणालो, "प्रॅक्टिकलला, सर."

"प्रॅक्टिकलला तू सुरगाण्याचं बघून उतरवत होतास. ते पाहिलंय. ते लिहू का?"

काकूंना हसू आलं, पण विळी चालू होती. सर दाराशी जाऊन परत आले.

"तुझं स्वतःचं निवेदन असतं ना, मी कोण आणि मला का घ्या म्हणून? ते वाच. हिला ऐकव. मराठीत."

"इंग्रजीत आहे, सर."

"इंग्रजीत कुणीही तळमळतं. मराठीत तळमळून दाखव."

मी एकेक वाक्य मराठीत फिरवायला लागलो. "लहानपणापासूनच जागतिक अन्नसुरक्षेच्या प्रश्नाने मला झपाटलेलं आहे." खच्. "मानवजातीची भूक हीच माझी प्रेरणा आहे." खच्, खच्. माझ्याच कानांना ते असं वाटायला लागलं, जसं कुणीतरी दुसऱ्याच्या लग्नात हार घालून घेतोय. काकूंची भेंडी संपली, त्यांनी दुधी घेतला. मी आपल्या उज्ज्वल परंपरेपर्यंत पोचलो तेव्हा दुधीही संपत आला होता.

"विळी थांबली का?" सरांनी विचारलं.

"कुठे, सर?"

"कुठेच नाही, म्हणून विचारतोय. हिने जन्मभर 'माझा आवडता नेता' तपासलाय. हिच्या हातांना आता काही होत नाही. विळी थांबली पाहिजे. त्याशिवाय अर्ज नाही."

"आणि पत्र, सर?"

"मला दिसेल असं काहीतरी कर. दिसेल ते लिहीन." ते पुन्हा दारापर्यंत जाऊन आले. "तुमच्याकडे काय सडतं?"

"कांदा."

"का सडतो?"

"सडतोच, सर. चाळीत भरला की थोडा जातोच."

"का?"

मी या विषयाची डिग्री खिशात घालून उभा होतो. मला "जातोच" यापुढे काही सांगता येईना.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कांद्याची चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेला लांबच लांब सांगाडा, बाजूंना जाळी, वर पत्रे. उन्हाळ्यात कांदा भरायचा आणि भावाकडे डोळे लावून पावसाळाभर सांभाळायचा. मी ठरवलं, चाळीच्या पोटात भोकाभोकांचे पाइप घालायचे आणि पंख्यांनी हवा ओढायची. हवा खेळली की कांदा टिकणार. पुस्तकात होतं. पंखे सातपूरच्या भंगारातून आणले. मोठ्या मशीनींचे होते, एकेकाला बैलासारखं उतरवून घ्यावं लागलं.

आप्पा खूश झाले. त्यांनी भाऊबंदांना बोलावून पंखे दाखवले. चाळ भरायच्या दिवशी सर एसटीने आले, कारण भरताना पाहिलं नाही तर भरली असं ते कसं लिहिणार?

"सर, पोरगं म्हनतंय पंख्यानं कांदा टिकतो," आप्पा म्हणाले. "मंग निम्म्या चाळीला का? पुरीला लावू ना."

"अर्धी तशीच राहू द्या. मला दोन पाहायच्यात."

"दोन काय करायच्यात? एक चांगली पाहा."

"एकच पाहिली तर ती चांगली हे कसं कळणार?"

"मानसाला कळतं, सर."

"मला नाही कळत."

आप्पा माझ्याकडे वळले. "हे तुला शिकवायला व्हते?" मी मान डोलावली. आप्पांनी माझ्या नकारांचा उलगडा झाल्यासारखा चेहरा केला.

मग सर चाळीत शिरले. जाळीला कान लावून पाहिला, कांद्यांवर आडवे झाले, आणि उठायला गेले ते गळ्यापर्यंत कांद्यात गेले. वर फक्त चष्मा आणि टक्कल. आई चुलीपाशी होती. तिने दारातून एक नजर टाकली. आई बागलाणातली, तिची बोली अहिराणी.

"हाऊ मानूस येडा शे का रे?"

"आई, सर आहेत ते."

"ते दिसनं माले." म्हणजे, ते तिला दिसलंच होतं.

मधे ताडपत्रीचा पडदा टाकून चाळीचे दोन भाग केले, आणि सर एसटीने परत गेल्यावर पंखे सुरू झाले. त्यांचा आवाज काय सांगावा! गावातली कुत्री चाळीकडे तोंड करून भुंकायची आणि भुंकलेलं त्यांचं त्यांनाच ऐकू न आल्याने गोंधळून बसायची. आप्पांची टोपी एकदा डोक्यावरून उडाली ती जाळीला जाऊन चिकटली, आणि लाईट जाईपर्यंत सुटली नाही. गावात आमच्या मळ्याला विमानतळ म्हणायला लागले. मी सोमवार ते शनिवार सातपूरला आणि रविवारी विमानतळावर. उन्हाळा संपला, पाऊस लागला, पाऊस ओसरायला आला.

चाळ उघडली. सर आले होते.

पंख्यांच्या बाजूचा कांदा गेला होता. थोडा नाही, भसाभसा. वासाने तीन शेतं पलीकडच्या म्हशीने दूध चोरलं, पान्हाच सोडेना. बिनपंख्याची बाजू मात्र दरवर्षीसारखी, थोडीफार गेलेली, बाकी खणखणीत. सर दोन्ही बाजूंना शिरले, दोन्ही बाजूंचे कांदे दाबून पाहिले, हात पँटला पुसले आणि "पाहिलं," म्हणून एसटीला निघून गेले. आप्पा संध्याकाळी पारावर गेले आणि तिथे म्हणाले, "पोरगं पुऱ्या चाळीला पंखे लावाया निघालं व्हतं. मीच म्हनलो, निम्मीच लाव."

माझं वर्ष संपत आलं होतं. अर्जांच्या तारखा तोंडावर आल्या होत्या आणि हातात सडका कांदा होता. मी सातपूरच्या खोलीवर बसलो आणि निवेदन नव्याने लिहिलं. त्यात दोन्ही बाजू अदलाबदल केल्या. पंख्यांची बाजू टिकली, दुसरी गेली. पडदा तोच, चाळ तीच, कांदा तोच. हॉलंडहून कोण वास घ्यायला येतंय?

ते घेऊन मी स्कूटरच्या बाजूने चालत होतो. सरांनी चालत्या गाडीवर, म्हणजे जवळजवळ उभ्या गाडीवर, वाचलं.

"मी आत शिरलोय, देवळा. तो शर्ट हिने अजून घरात घेतलेला नाही. मी पत्रात कोणती बाजू सडलेली लिहिणार?"

"जी सडली ती, सर."

"आणि तू?"

आता मी काही एकाएकी सत्यवचनी झालो नाही. दोन कागदांत दोन वेगवेगळे कांदे सडलेले बरे दिसणार नाहीत, एवढाच हिशेब होता. मी खरं ते लिहिलं. आप्पांना फोनवर वाचून दाखवलं.

"फसलं, असं लिवतो?" आप्पा म्हणाले. "फसलेल्याला कोन घेतंय रं? तू ये घरी."

"तारीख अजून गेली नाही, आप्पा."

"मी खोली झाडून ठिवतो."

त्या रविवारी काकूंपुढे निवेदन वाचायला बसलो तेव्हा माझं सामान अर्धं बांधलेलं होतं. काकूंच्या पुढ्यात कोबीचा मोठा गड्डा. सर चालत होते. मी मराठीत सुरू केलं.

"आमच्या घरी कांदा पिकतो. तो चाळीत सडतो. का सडतो, ते मला डिग्री मिळाल्यावरही सांगता आलं नाही." खच्, खच्. पण जरा सावकाश. निदान मला तसं वाटलं. "मी निम्म्या चाळीला पंखे लावले. पंखे रात्रभर चालायचे. पावसाळ्याच्या अखेरीला..."

विळी थांबली.

मला कळलंच नाही. पंखा बंद पडल्यावर जसं आधी काय बदललं ते कळत नाही, तसं. काकूंनी मान वर केली होती. कोबी निम्मा कापलेला, तसाच विळीत अडकलेला.

"रात्रभर का रे? दिवसा नाही चालवायचास?"

"दिवसा लाईट कुठे असते, काकू? आमच्याकडे शेतीची लाईट बहुतेक रात्रीच येते. पाणीसुद्धा आम्ही रात्रीच भरतो."

आणि सर थांबले. हॉलच्या मध्यावर, पायवाटेवरच. मी त्यांना घरात उभं राहिलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. उभे राहिल्यावर ते बुटके दिसत.

"देवळा, पावसाळ्यात रात्री बाहेरची हवा कशी असते?"

"ओलीगच्च, सर."

"आणि दिवसा?"

"त्यापेक्षा बरी. ऊन पडलं तर कोरडी."

"मग तू काय केलंस?"

हवेतल्या आर्द्रतेच्या पेपरात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. सुरगाण्याचे माझ्या खालोखाल होते, आणि माझे कसे आले ते तुम्हाला कळलंच असेल. "कोरडी हवा असताना पंखे बंद ठेवले, सर. ओली हवा आली की रात्रभर कांद्यावर ओढली."

"हे अर्जात कुठंय?"

"लाईट रात्री येते यात काय लिहायचं, सर? सगळ्यांनाच माहीत असतं."

"हॉलंडला माहीत आहे?"

काकूंनी कोबी सोडवून घेतला. "ते लिही," त्या म्हणाल्या. "मी विचारलं ते. आणि लाईट जेव्हा येते तेव्हा हवा ओली आणि हवा कोरडी तेव्हा लाईट नाही, तर मग माणसाने करायचं काय, तेही लिही."

"ते मला येत नाही, काकू."

"येत नाही म्हणूनच चाललायस ना शिकायला?"

सर अजून उभेच होते. ते जरा अस्वस्थ दिसले. "मी दोनदा चाळ पाहिली," ते म्हणाले. "दोन्ही वेळा दिवसा. पंखे चालू असलेले मी पाहिलेलेच नाहीत."

पुढच्या आठवड्यात ते परत देवळ्याला आले. परतीचा पाऊस होता. रात्री लाईट आल्यावर पंखे लावायला सांगून चाळीपाशी खाट टाकून निजले, आणि सकाळी आपला शर्ट पिळून पाणी काढून दाखवलं. आईने त्यांना आप्पांचा सदरा दिला. तो घालून ते एसटीत बसले, आणि आप्पांना म्हणाले, "आता लिहितो." आप्पा मला म्हणाले, "सदरा परत आन." तो अजून आलेला नाही.

पत्रात काय लिहिलं ते सरांनी दाखवलं नाही. मी विचारलं, तर "पाहिलं ते." पण एका विद्यापीठाने मला संगणकाच्या पडद्यावर मुलाखतीला बोलावलं. तिथे एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत, मानवजातीची भूक विचारली नाही. बराच वेळ त्या रात्रीच्या लाईटबद्दलच विचारत राहिल्या. रात्री वीज आणि दिवसा नाही, हे त्यांना आमच्या कुत्र्यांइतकंच कळेनासं झालं होतं. शेवटी त्यांनी चष्मा सावरला.

"तुमच्या प्राध्यापकांनी लिहिलंय, की ते स्वतः गुडघ्यापर्यंत कांद्यात उतरले होते. खरं आहे?"

"गळ्यापर्यंत, मॅडम," मी म्हणालो.

गुडघ्यापर्यंतच लिहिलं होतं! इतक्या मोठ्या कामासाठीसुद्धा त्या माणसाच्या हातून चार बोटं जास्त सुटली नाहीत.

आता मी नाशिकलाच एका कॉलेजात शिकवतो. हिवाळा आला की मुलं येतात. "सर, लिहून आणलंय. फक्त सही." मी म्हणतो, वाच. माझ्याकडे विळी नाही. घरी दोरी ओढायचा चॉपर आहे, दोन झटक्यांत काम संपवतो. त्याच्यापुढे कुठल्याच वाक्याला थांबायची संधी मिळत नाही. मग मी उठून चालायला लागतो. मुलांना वाटतं, माझे गुडघे दुखतात.

हे झालं आताचं. त्या वेळी प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा आधी आप्पांना कळवलं. आप्पा म्हणाले, "ते पंखे घेऊन जा संगं," आणि फोन ठेवून बाजार समितीत चहा सांगायला गेले. मग मी पेढे घेऊन गंगापूर रोडला गेलो. या वेळी शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला होता.

"सर, झालं माझं!"

"मी पाहिलेलं नाही. दाखव."

फोन हातात घेऊन त्यांनी पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत वाचलं. या टोकाला सुरू केलं, त्या टोकाला संपवलं. फोन परत दिला.

"हिला ऐकव. मराठीत."

काकू पाटावर होत्या, पुढे पालेभाजीचा ढीग. मी उभ्यानेच वाचायला लागलो. "आपणांस कळविण्यास आम्हांस अत्यंत आनंद होत आहे." खच्. "आपल्या असामान्य गुणवत्तेने समिती प्रभावित झाली आहे." खच्, खच्. "आमच्या उज्ज्वल परंपरेत आपले स्वागत असो."

पत्र संपलं. पालेभाजीही संपली. विळी एकदासुद्धा थांबली नव्हती.

"कुणी लिहिलंय हे?" काकूंनी विचारलं.

"विद्यापीठाने, काकू."

"त्यांना म्हणावं, परत लिहून आणा."

सर त्या टोकाकडून वळून येत होते. त्यांनी मान डोलावली आणि जाता जाता एक पेढा उचलला.

फॉन्ट मात्र सुरेख होता.